रानातील गोचिडी आणि माकडताप

‘रानातल्या किती गोचिडींमध्ये रोगाचे विषाणू असतात?’ हा प्रश्न माकडतापाच्या भागात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. असे का, हे समजल्यास अनाठायी भीती व घातक दुर्लक्ष दोन्ही टळतील, असे आम्हांस वाटते.

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात 1957 साली माकडे मरू लागली व माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) या रोगाचा विषाणू शोधून काढला. पुढे गोव्यातील सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये या रोगाची साथ आली.

तपासणीसाठी पांढरे फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून ओढून गोचिडी गोळा करतात. त्या अतिशय बारीक असल्याने जात व अवस्थेनुसार गट पाडून एकेका गटाची एकत्र तपासणी होते. गटात विषाणू सापडला, तर त्यातील किमान एक गोचीड बाधित आहे, एवढेच निश्चित होते.

शिवाय हे प्रमाण अवस्थेनुसार बदलते. अंड्यातून निघालेली अळी बहुधा विषाणूमुक्त असते. बाधित उंदीर, चिचुंद्री वा माकड यांचे रक्त शोषल्यावर तिच्यात विषाणू शिरतो व कात टाकल्यावरही टिकतो. त्यापुढील निम्फ ही अवस्था माणसाला प्रामुख्याने बाधा करते. डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमक्या लाकूडफाटा व काजूच्या हंगामात, हा धोका अधिक असतो. पूर्ण वाढलेली गोचीड मुख्यतः गुरांवर जगते. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत, मात्र त्यांच्यामुळे गोचिडींची संख्या वाढते.

प्रमाण जागेनुसारही बदलते. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी तेथेच पाचोळ्यात उतरतात. एरवी निर्धोक असलेल्या रानात तेवढाच भाग अत्यंत धोक्याचा होतो. म्हणून मृत माकडाला हात न लावता, जवळही न जाता, वन वा आरोग्य विभागास त्वरित कळवावे.

रानात जाताना अंगभर कपडे घालावेत व गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. परतल्यावर गरम पाणी व साबणाने स्नान करून कपडे धुवावेत. चिकटलेली गोचीड चिमट्याने, न चिरडता, सरळ ओढून काढावी.

प्रत्येक दंशाने माकडताप होत नाही. परंतु रानात गेल्यानंतर सुमारे 3 ते 8 दिवसांत अचानक तीव्र ताप, डोकेदुखी व असह्य अंगदुखी सुरू झाल्यास घरी थांबू नये आणि रानात गेल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. या रोगावर विशिष्ट औषध नाही, आणि शंभरातील सुमारे 3 ते 5 रुग्ण दगावतात. पूर्वीची लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने तिचा वापर थांबला आहे. अशा स्थितीत वेळेवर मिळालेले रुग्णालयीन उपचार हाच रुग्णाचा आधार होय.