लहरींचे कूळ आणि किरणांची भीती

ग्रामसभेत मोबाईलच्या मनोऱ्याचा विषय निघाला की ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द हमखास कानी पडतो. रुग्णालयातील क्ष-किरण यंत्राविषयी आणि लासलगावच्या कांद्यावरील प्रक्रियेविषयी बोलतानाही हाच शब्द वापरला जातो. एकाच शब्दाखाली भिन्न गोष्टी आल्या म्हणजे निर्णय घेणाऱ्यांचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. तो दूर करावयाचा तर विद्युत्-चुंबकीय वर्णपटाची ओळख करून घेतली पाहिजे.

एकच कूळ

इंद्रधनुष्याचे ‘तानापिहिनिपाजा’ आपण शाळेत पाठ केलेले असते. हे सात रंग म्हणजे एका विस्तीर्ण वर्णपटातील अरुंद पट्टी होय. प्रकाश ही विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांची लहर आहे, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये गणिताने मांडले. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये अशा अदृश्य लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या. पुढे १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात त्यांच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली.

या सर्व लहरी निर्वात पोकळीतून सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जातात. फरक असतो तो तरंगलांबीचा. ती जितकी कमी, तितकी लहरीतील ऊर्जा अधिक.

लांबीचा क्रम

सर्वांत लांब त्या रेडिओ लहरी. १०० मेगाहर्ट्झवरील एफ.एम. लहर तीन मीटर लांब असते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. त्यांत हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहरही असते. त्यानंतर रडारच्या सूक्ष्मलहरी, उष्ण वस्तूंतून निघणारे अवरक्त किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश (सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर), त्वचा रापविणारे अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण असा क्रम लागतो.

सीमारेषा कोठे?

अतिनील पट्ट्यातच एक महत्त्वाची सीमारेषा आहे. तिच्यापलीकडील किरण अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकतात व पेशींना इजा करू शकतात. म्हणूनच क्ष-किरण तपासणी वैद्यकीय सल्ल्यानेच करावयाची असते.

मोबाईलच्या लहरी या सीमेच्या अलीकडच्या आहेत. त्यांना इलेक्ट्रॉन काढता येत नाही. त्यांचा सिद्ध परिणाम तापविण्याचा आहे. तरीही सावधगिरी म्हणून भारताने सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली.

लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण वापरतात. ते सीमेपलीकडचे असल्यानेच कांद्याला कोंब येणे थांबते. मात्र कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. दिवा मालवल्यावर त्याच्या उजेडात ठेवलेला कागद प्रकाशत राहत नाही, तसेच हे आहे. येथेच प्रक्रिया केलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेस गेला.

तेव्हा ‘किरण घातक आहेत काय?’ असा मोघम प्रश्न विचारून भागणार नाही. लहर कोणती, तीव्रता किती आणि संपर्क किती वेळ, हे तीन प्रश्न शिक्षकांनी वर्गात आणि पंचांनी ग्रामसभेत आधी विचारावेत. अकारण भीती आणि अकारण बेफिकिरी या दोहोंपासून गावाला वाचविण्याचा तोच मार्ग आहे.