धार्मिक पत्र आणि त्यातील जाहिराती
(मंडळ्यांच्या व उपदेशकांच्या अभ्यासासाठी पाठ)

धार्मिक पत्रातील उपदेशाविषयी संपादक जबाबदार व जाहिरातीविषयी पैसे भरणारा जबाबदार, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज कितपत योग्य आहे, याचा आज आपण विचार करू.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कित्येक धार्मिक पत्रे पेटंट औषधांच्या जाहिराती छापीत असत. वर्गणीने खर्च भागत नसे, आणि औषधवाले रोख पैसे देत. त्या काळी मिसेस विन्स्लो हिच्या नावाने तान्ह्या मुलांना शांत करणारे एक औषध खपत असे; त्यात अफूपासून काढलेले मॉर्फिन होते. पेरूना नावाच्या औषधात शेकडा 20 हून अधिक मद्यार्क होता. अशा रीतीने, पहिल्या पानावर मद्यपानाचा निषेध आणि शेवटच्या पानावर बाटलीत भरलेले मद्य, असा विपरीत प्रकार घडे.

यात खरी हानी कोणाची? श्रद्धाळू वाचकाची. बाजारातील फेरीवाल्याचे बोलणे तो पारखून घेतो. परंतु जे पत्र त्याला प्रार्थना शिकविते, त्याच पत्रात छापलेल्या शब्दाविषयी तो शंका घेत नाही. म्हणजे जाहिरातदार विकत घेतो ती केवळ कागदावरील जागा नव्हे. वाचकाचा विश्वास तो विकत घेतो. आणि तो विश्वास विकण्याचा अधिकार संपादकाला कोणी दिला?

फिलाडेल्फिया येथील ‘फार्म जर्नल’ या शेतकऱ्यांच्या पत्राने 1880 साली जाहीर केले की, आमच्या पत्रातील लबाड जाहिरातदाराने वर्गणीदारास फसविल्यास ते नुकसान आम्ही भरून देऊ. पुढे 1905 साली सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी ‘कोलिअर्स’ साप्ताहिकात या औषधांचे बिंग फोडले, व 1906 च्या कायद्याने अफू, मद्यार्क इत्यादी पदार्थ बाटलीवरील चिठ्ठीत सांगणे भाग पडले.

आपल्या देशात 1954 चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, क्षय इत्यादी रोग बरे करण्याची जाहिरात, तसेच ताईत, मंत्र, कवच यांच्या चमत्कारिक गुणांची जाहिरात त्याने मना केली आहे. आणि अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही तो लागू होतो.

तथापि कायदा ही सर्वांत खालची पायरी होय. क्षयाचा रोगी सरकारी दवाखान्यातील निदान सहा महिन्यांचे फुकट औषध अर्ध्यावर सोडून जाहिरातीतल्या बाटलीमागे लागला, तर त्याचा जीव जाईल. कायदा तो परत आणून देणार नाही. पिशवीत दोन प्रकारची वजने बाळगू नयेत, अशी आज्ञा अनुवादाच्या 25 व्या अध्यायात आहे. उपदेशाला एक वजन व जाहिरातीला दुसरे, हेही तसेच होय.

यावरून आम्हांस तीन नियम योग्य दिसतात. जी वस्तू आपण आपल्या घरी आणणार नाही, तिची जाहिरात घेऊ नये. जाहिरात ही जाहिरात आहे, हे वाचकास स्पष्ट दिसावे. ती साक्षीच्या किंवा लेखाच्या वेषात येऊ नये. पैशाची तूट पडल्यास ती मंडळीपुढे उघड मांडावी. पाने कमी करावी, पण सत्य कमी करू नये.

प्रश्न : 1. वाचक धार्मिक पत्रावर अधिक विश्वास का ठेवतो? 2. ‘प्रार्थनेने मंत्रविलेले तेल’ विकणाऱ्याची जाहिरात आल्यास संपादकाने काय करावे? 3. आपल्या गावात कोणी जाहिरात वाचून औषध बदलले आहे काय? उपदेशकाने त्याच्या घरी जाऊन, दवाखान्यात परत जाण्यास त्यास प्रेमाने समजवावे.