बर्फ खायचा असेल तर

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईची तरुण मंडळी उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला निघतात आणि सॅकमध्ये आठवणीने काला खट्टाची बाटली ठेवतात. पायथ्याचं सांक्री गाव सोडून जूडा का तालाबच्या छावणीत पोचलं, की तंबूशेजारचाच बर्फ डब्यात भरायचा, वर सरबत ओतायचं. आमच्या गटातल्या ठाण्याच्या एका मुलीने हेच केलं आणि रात्री तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

सकाळी ती जागा मी काठीने उकरून पाहिली. वरचा चार बोटं थर पांढराशुभ्र. त्याखाली खेचरांची लीद, मॅगीचं फाटकं पाकीट आणि पिवळट पडलेला जुना बर्फ. छावणीत अंधार पडल्यावर तंबूंच्या मागे लोक कशाला जातात, हे वेगळं सांगायला नको. गोठल्याने जंतू मरतात, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. बरेचसे नुसते निपचित राहतात आणि पोटात गेले की कामाला लागतात.

एवढ्या उंचीवर पोट बिघडणं साधं नसतं. अंगातलं पाणी भराभर कमी होतं, आणि उलटी पोटामुळे आहे की विरळ हवेमुळे, हे कळत नाही. शिखर जवळजवळ 3,800 मीटरवर. तिला वर नेणं शक्यच नव्हतं. आम्ही तिला खाली उतरवलं.

म्हणून बर्फ घ्यायचा तो छावणी, पायवाट आणि खेचरांची वाट यांच्या बऱ्याच वरच्या अंगाला, मोकळ्या जागेतला. झाडाखालचा नको, पक्ष्यांची घाण त्यातच पडते. रस्त्याकडेच्या बर्फात डिझेलची काजळी असते, तो तर हातातही घेऊ नका. उन्हाळ्यात कुठे गुलाबी बर्फ दिसला, तर तो रंग शेवाळाचा असतो, तोही सोडा. बर्फ पडू लागताना हवेतली धूळ आणि धूर सोबत घेऊन येतो, त्यामुळे पहिले काही तास जाऊ द्यावेत. त्यानंतर स्वच्छ पातेलं उंच खडकावर उघडं ठेवावं. त्यात थेट पडलेला बर्फ सगळ्यात चांगला. काढायला चमचा वापरा. खेचराचा दोर धरलेला हातमोजा त्यात बुडवू नका.

आणि हे सगळं चार चमचे चवीपुरतं. तहानेसाठी बर्फ चघळू नये, तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्ची पडते. पिण्यासाठी तो वितळवावा. पातेल्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर बूड करपतं आणि पाण्याला जळकट वास येतो. दहा लिटर भुसभुशीत बर्फाचं जेमतेम लिटरभर पाणी होतं, तेव्हा इंधन त्या हिशेबाने घ्या. उकळी फुटल्यावर 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळ उकळू द्या.

गटप्रमुखांना माझी विनंती आहे: छावणीत पोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, बर्फ कुठला घ्यायचा आणि शौचाला कुठे जायचं, या दोन्ही जागा सगळ्यांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा.