सेवेचाही हुनर शिकावा लागतो

आमच्या पेढीवर हिशेबाची गादी आमचा धाकटा भाऊ सांभाळतो. ताग्यांचे भाव, उधारीच्या तारखा, कोणत्या मागवाल्याचे किती देणे, हे सारे त्याला तोंडपाठ असते. लहानपणी त्याला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय निकामी झाले. शाळा माडीवर होती. दोन वर्षे आम्ही त्याला पाठीवर घेऊन जिने चढलो. पुढे आम्ही दुसऱ्या शाळेत गेलो आणि त्याची शाळा सुटली. वर्ग खालच्या मजल्यावर भरवा, अशी विनंती करता येते, हे ना अब्बांना सुचले, ना आम्हाला, ना मास्तरांना. अपंगत्वाचा दाखला त्याने काढला तो वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. तोपर्यंत शिष्यवृत्ती आणि नोकरीतील राखीव जागा यांचे वय उलटून गेले होते. कोणी आमच्यावर जुलूम केला नव्हता. मोहल्ल्यात सांगणारा जाणकार नव्हता, इतकेच.

यंदा आमची मुलगी बारावी झाली आणि म्हणाली, "अब्बा, मला विशेष शिक्षिका व्हायचे आहे." आम्ही म्हणालो, "सवाबचे काम आहे बेटी, फावल्या वेळात कर. आधी बी.कॉम. होऊ दे." गादीवरून भाऊ हळूच म्हणाला, "भाईजान, मला फावल्या वेळात शिकवले असते तर चालले असते का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यानंतर आम्ही चार ठिकाणी जाऊन या शिक्षणाची चौकशी केली. ती येथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

नुसती रहमदिली पुरत नाही

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होत्या. त्या वेळी अपंगत्वाचे मोजकेच प्रकार मोजले गेले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मानले. त्यांत स्वमग्नता, थॅलेसेमिया, शिकण्यातील अडचण आणि आम्लहल्ल्याचे बळीही आले.

आपल्या यंत्रमागाच्या गावांना हा विषय अधिक जवळचा आहे. मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या कारागिराचे कान हळूहळू जातात. कारखान्यात सगळेच हाताच्या इशाऱ्याने बोलतात, म्हणून ते लवकर ध्यानात येत नाही. आमच्या ओळखीचा एक जन्मतः बहिरा कारागीर मागावर कोणापेक्षा कमी नाही. परंतु बायकोच्या शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांचे म्हणणे त्याला त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने हातवारे करून सांगितले. त्या पोरीला जेवढे कळले, तेवढेच बापाला कळले आणि त्यावर त्याने सही केली. दवाखान्यात सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. दुभाषा मात्र कोणाकडे नव्हता.

मागाचा जॉबर व्हायचे तर उस्तादाच्या हाताखाली वर्षे काढावी लागतात. माणसाच्या मदतीचे कामही तसेच आहे. कायदाही हेच सांगतो. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. मान्य अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याचे नाव परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत चढते. नोंद नसताना पुनर्वसनाचा व्यवसाय करणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिला परिषदेची मान्यता आहे काय, हे पहिल्याने पाहावे. कापडाचा ताका आपण पन्हा मोजल्याशिवाय घेत नाही. येथे तर मुलाची वर्षे पणाला लागतात.

शिक्षणाच्या वाटा

पहिली वाट विशेष शिक्षकाची. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आहे आणि पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. आहे. दृष्टी, श्रवण, बौद्धिक अक्षमता अशा वेगवेगळ्या शाखा असतात, त्यातील एक निवडावी लागते. मुलींसाठी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातही विशेष शिक्षणाचा विभाग आहे.

दुसरी वाट सांकेतिक भाषेच्या दुभाषाची. कारखान्यातील इशारे म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यासाठी २०१५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र केंद्र निघाले आणि त्या केंद्राने २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा कोश पूर्ण केला. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाणी व श्रवण संस्था १९८३ पासून आहे. अली यावर जंग हे आपल्या राज्याचे राज्यपाल होते. दुभाषाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तेथे शिकता येतो. बारावी विज्ञान झालेल्या मुलांसाठी वाणी व श्रवणातील चार वर्षांची पदवीही तेथे आहे.

तिसरी वाट हाताच्या कारागिरीची आहे आणि आपल्या कारागीर घरातील मुलांनी तिचा जरूर विचार करावा. कृत्रिम हात-पाय, कॅलिपर, खास बूट तयार करणे हे माप आणि बोटांचे काम आहे. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत याची पदवी घेता येते.

या संस्थांच्या मागे फातिमा इस्माईल यांचे नाव घेतलेच पाहिजे. मुंबईच्या सोबानी या व्यापारी घराण्यातील ही बाई. मुलीला पोलिओ झाला तेव्हा इलाजासाठी त्या वणवण फिरल्या. तेवढ्यावर न थांबता १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना काढला. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढे त्या राज्यसभेतही गेल्या. एका आईच्या दुःखातून शेकडो मुलांची सोय झाली. आमच्या घरातही असेच दुःख होते. आम्ही ते पाठीवर वाहिले, पण त्यातून काही शिकलो नाही.

ज्यांना दोन वर्षे देता येत नाहीत, त्यांच्यासाठी समाजाधारित समावेशक विकास या नावाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम २०२१ पासून पुनर्वास परिषदेने सुरू केला आहे. वस्तीत फिरून दिव्यांगांच्या घरी मदत पोहोचवणारा कार्यकर्ता त्यातून तयार होतो.

हक्कांची पैरवी

मदतीइतकेच पैरवीचे काम मोठे आहे. यासाठी वकिली किंवा समाजकार्याची पदवी उपयोगी पडते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था या विषयात नावाजलेली आहे. मात्र पैरवी म्हणजे फक्त कोर्टात उभे राहणे नव्हे. कोणता हक्क आहे, तो कोठे मागायचा आणि अर्ज कसा लिहायचा, हे जाणणे म्हणजे पैरवी.

उदाहरणे पाहा. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्याला ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. १ जून २०२१ पासून दाखला फक्त युडीआयडीच्या ऑनलाइन व्यवस्थेतूनच द्यावा, असे केंद्राने ठरवले. बौद्धिक अक्षमता असलेले मूल अठरा वर्षांचे झाले, की बँक आणि मालमत्तेच्या कामात अडचण येते. अशा वेळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. कोठेच दाद लागली नाही, तर पुण्यात दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे. यातील किती गोष्टी आपल्या मोहल्ल्यात माहीत आहेत, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे.

पैरवीने काय होते, ते जावेद आबिदी यांनी दाखवले. अलीगढला जन्मलेले आबिदी चाकाच्या खुर्चीवर असत. त्यांनी अमेरिकेत पत्रकारितेचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतले. डिसेंबर १९९५ मध्ये दिव्यांगांना घेऊन ते संसदेसमोर बसले आणि त्याच महिन्यात देशाचा पहिला व्यापक अपंग कायदा संमत झाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत २०१६ चा कायदाही त्यांनी पाहिला होता. या माणसाने खैरात मागितली नाही. ते कायद्याचे कलम वाचत आणि त्यावर बोट ठेवत.

मिळकतीचे काय?

व्यापाऱ्याने हे विचारले तर त्यात लाज नाही. या कामात झटपट पैसा नाही. खाजगी संस्थांत आरंभी पगार बेताचा असतो आणि दिवसभराचे काम थकवणारे असते. परंतु गरज मोठी आहे आणि ती घटणारी नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांत विशेष शिक्षक नेमण्याबाबत निर्णय दिला. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे १ आणि त्यापुढे १५ मागे १ शिक्षक, असे प्रमाण ठरवले. भरती सावकाश होते, पण परिषदेची नोंद असल्याखेरीज त्या दारात उभेही राहता येत नाही. आपल्या मुलांना आणखी एक बरकत आहे. मराठी, उर्दू आणि हिंदी बोलणारा विशेष शिक्षक किंवा श्रवणतज्ज्ञ आपल्या वस्त्यांना हवा आहे. आई ज्या भाषेत मुलाशी बोलते, त्याच भाषेत इलाज लवकर लागू पडतो.

आपण काय करावे?

प्रत्येक बाजारपेठेत जमात किंवा व्यापारी मंडळ असते. त्याने दरवर्षी एका मुलाची किंवा मुलीची या शिक्षणाची फी उचलावी. मंडळाच्या खोलीत आठवड्यातून एक दिवस दाखल्याचे आणि सवलतींचे अर्ज भरून द्यावेत. दुकानाला पायरी असेल तर उताराची फळी टाकावी. तिचा खर्च एका ताग्याहून अधिक येत नाही. कारखानदारांनी कारागिरांचे कान वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. आणि ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने ते लपवू नये.

आमच्या मुलीने पदविकेचा अर्ज केला आहे. कागदपत्रे भावाने लावली. परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी त्याने स्वतः ओळ न ओळ तपासली आणि फीचे पैसे आपल्या वाट्यातून काढून ठेवले. प्रवेश झाला तर पहिल्या दिवशी तो तिला सोडायला जाणार म्हणतो. वर्ग कितव्या मजल्यावर आहे आणि तेथे लिफ्ट आहे काय, एवढी चौकशी मात्र या वेळी आम्ही आधीच करून ठेवली आहे.