आवाज सांगतो हृदयाची खबर

मढच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या कित्येक बोटींवर आज एक लहानसे यंत्र असते. त्याला फिश फाइंडर म्हणतात. तांडेल ते चालू करतो. पडद्यावर समुद्राचा तळ दिसतो. खाली मासळीचा थवा असेल तर तोही दिसतो. पण पाण्याखाली तर अंधार! मग हे यंत्र पाहते कसे? खरे सांगायचे तर ते पाहत नाही, ते ऐकते.

हीच युक्ती डॉक्टर माणसाच्या छातीवर वापरतात. आता शास्त्रज्ञ आणखी पुढे गेले आहेत. आवाजाला उत्तर देणारा बारीक मणी शरीराच्या आतच ठेवायचा, असे त्यांनी योजले आहे. ते कसे, हे या धड्यात पाहू.

१. आवाज जातो आणि परत येतो

विहिरीत वाकून हाक मारा. तीच हाक परत येते. तिला प्रतिध्वनी म्हणतात. बोटीच्या तळाचे यंत्र अशीच हाक पाण्यात सोडते. ती तळावर आपटते आणि परत येते. जाऊन यायला किती वेळ लागला, यावरून खोली कळते.

हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर जातो. आता हिशेब करा. समुद्र ७५ मीटर खोल आहे. जाणे ७५ मीटर, येणे ७५ मीटर, मिळून झाले १५० मीटर. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात आवाज जाऊन परत आला!

घोळ माशाच्या पोटातला बोत तुम्हाला ठाऊक आहे. बाजारात त्याला मोठा भाव येतो. जिवंत माशात ती हवेची पिशवी असते. पाण्यातून जाणारा आवाज हवेला लागला की जोराने उलटतो. म्हणून अशी पिशवी असलेले मासे पडद्यावर ठळक दिसतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

२. छातीला कान

आपल्या हृदयात चार झडपा आहेत. त्या मिटताना आवाज होतो. तोच छातीचा ठोका. झडप गळू लागली किंवा आखडली की ठोक्यात फुसफुस ऐकू येते.

हे नीट ऐकण्यासाठी लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी केली. तिचे एक टोक छातीला आणि दुसरे कानाला लावले. त्यातूनच पुढे डॉक्टरांच्या गळ्यातली नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, आली.

या नळीची पुढची गोष्ट आपल्या उपनगरातलीच आहे. २०२० साली करोनाची साथ आली. रोग्याजवळ जाणे डॉक्टरांना धोक्याचे झाले. तेव्हा पवईच्या आय.आय.टी.मधील मंडळींनी एक नवा स्टेथोस्कोप केला. तो छातीचा आवाज टिपतो आणि बिनतारी दुसऱ्या यंत्राकडे पाठवतो. डॉक्टरांनी दूर बसून ऐकावे. असे एक हजार स्टेथोस्कोप तेव्हा इस्पितळांना व आरोग्य केंद्रांना पाठवले गेले.

३. जहाजाच्या कारखान्यातून दवाखान्यात

नळीने ठोका ऐकू येतो, पण हृदय दिसत नाही. ते दाखवण्याची वाट सापडली स्वीडन देशात. एडलर हे डॉक्टर आणि हर्ट्झ हे पदार्थविज्ञानाचे जाणकार. जहाजाच्या लोखंडी पत्र्याला आतून चीर आहे का, हे आवाजाने तपासणारे यंत्र त्यांनी जहाजाच्या कारखान्यातून उसने आणले. पुढे १९५३ साली त्याच जातीच्या यंत्राने त्यांनी हृदयाची हालचाल टिपली. आज आपण ज्याला 'इको' म्हणतो, त्या तपासणीची ही सुरुवात.

इकोचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकतो. इकोच्या आवाजात सेकंदाला लाखो कंपने असतात. आपल्या अंगात बरेचसे पाणीच आहे, म्हणून हा आवाज आत सहज शिरतो. इकोच्या साध्या तपासणीत सुई नाही, चिरफाड नाही, क्ष-किरण नाहीत. छातीवर गार मलम लावून यंत्र फिरवतात, एवढेच. तेव्हा इकोला भिऊ नका, बरं का.

४. आत ठेवलेला मणी

पण इकोला एक मर्यादा आहे. ती त्या वेळेची स्थिती दाखवते. रोगी घरी गेला, पंधरा दिवसांनी पाय सुजले, रात्री धाप लागली, तर आतली खबर कोण देणार? म्हणून शरीरात पहारेकरी ठेवण्याची कल्पना निघाली.

२०१४ साली अमेरिकेत अशा एका यंत्राला परवानगी मिळाली. हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत ते बसवतात. ते तिथला दाब कळवते. मात्र ते रेडिओच्या लहरींवर चालते. पाण्यात आणि मांसात या लहरींचा जोर ओसरतो. पाणबुडीही पाण्याखाली कानोसा घ्यायला आवाजच वापरते. मग शरीरातही आवाजच का वापरू नये?

२०२४ साली चीनमधील वूहानच्या शास्त्रज्ञांनी तसा मणी केला. तो मऊ, खळीसारख्या पदार्थाचा आहे. लांबी, रुंदी, उंची फक्त २ मिलिमीटर. त्यात हवेच्या बारीक नळ्या ओळीने ठेवल्या आहेत. आठवला ना घोळीचा बोत? इथेही आवाज हवेवरून उलटतो. आतला दाब किंवा उष्णता बदलली की मणी किंचित दबतो वा फुगतो. मग परत येणाऱ्या आवाजाचा सूर बदलतो. बाहेरचे यंत्र तो सूर ओळखते. मण्याला तार नाही, बॅटरी नाही. काम झाले की तो हळूहळू विरघळतो. त्याची परीक्षा उंदीर व डुकरे यांच्या डोक्यात झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मंडळींनी अशीच पातळ चकती केली. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाके गळू लागले तर चकती फुगते. तिच्यातील धातूचे ठिपके सरकतात, आणि सोनोग्राफीत ते कळते. तिचीही परीक्षा प्राण्यांवरच झाली.

हृदयातही आवाज कामाला लागला आहे. २०२५ साली अमेरिकेत तांदळाच्या दाण्याएवढ्या एका यंत्राला परवानगी मिळाली. ते हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसवतात. कातडीखालच्या पेटीतून आलेल्या आवाजाची ते वीज करते आणि हृदयाला ठोका देते. ते खबर देत नाही. पण माणसाच्या हृदयापर्यंत आवाजाने काम पोचवता येते, हे त्याने दाखवले.

५. आपण काय करावे

खबर देणारा तो मणी आपल्या दवाखान्यात अजून आलेला नाही. कोणी तो विकू लागला तर पैसे देऊ नका. पण आपल्या अंगाने दिलेली खबर आजही ऐकता येते.

पाय सुजणे, जिना चढताना धाप लागणे, आडवे झाल्यावर दम कोंडणे ही हृदयाच्या दुखण्याची चिन्हे असू शकतात. मासळीची पाटी उचलताना बाईला नेहमीपेक्षा फार दम लागला, तर "वय झाले" म्हणून सोडू नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे.

छातीत दाटून आले, दुखणे हाताकडे वा जबड्याकडे गेले, घाम फुटला, तर "गॅस आहे" म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. बोट समुद्रात असेल तर वायरलेसवर कळवा आणि किनारा गाठा. मासळी उद्याही मिळेल.

नवे शब्द
प्रतिध्वनी : आपटून परत येणारा आवाज.
झडप : एकाच बाजूला उघडणारे दार.
कंपन : थरथर.

सांगा पाहू
१. समुद्र १५० मीटर खोल असेल तर आवाज जाऊन यायला किती वेळ लागेल?
२. घोळीचा बोत आणि वूहानचा मणी यांत सारखे काय आहे?
३. तुमच्या घरात धाप लागण्याची तक्रार कोण करते? त्यांची तपासणी केव्हा झाली?