गाडी काय सांगते?

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यात कोणाची तरी पिकअप गाडी असेलच. पुढे दोघातिघांना बसायला जागा आणि मागे उघडा हौदा. त्यातून कधी कापडाचे तागे जातात, कधी कांद्याच्या गोण्या, तर कधी लग्नाच्या देगा. ही गाडी बंद पडली, की त्या दिवसाची कमाई बुडते. घाटात बंद पडली, तर जिवावरही बेतते. पण बहुतेक वेळा गाडी आधी इशारा देते. ड्रायव्हर एक्सिलरेटर दाबतो, वेग वाढू लागतो आणि कुठूनतरी नवा आवाज येतो.

'आवाज' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. आवाजांची नावे मात्र मराठीत पुष्कळ आहेत. पत्रा खडखडतो. पट्टा किंचाळतो. सायलेन्सर फुटला, की फटफट होते. गॅरेजमध्ये जाऊन "गाडी आवाज करते" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांना "मला दुखते" एवढेच सांगणे! कोणता आवाज आणि तो केव्हा येतो, हे सांगता आले पाहिजे.

म्हणून चांगला उस्ताद पाना हातात घेण्याआधी विचारतो, "गाडी उभी ठेवून रेस दिली, तर आवाज येतो का? माल भरल्यावर वाढतो का? पाय उचलल्यावर थांबतो का?"

यांतला पहिला प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना रेस देऊनही आवाज आला, तर दोष बहुधा इंजिनाजवळ असतो. फक्त गाडी धावताना आवाज आला, तर तो मागे शोधावा लागतो. एवढ्याने अर्धी गाडी तपासायचे काम वाचते.

इंजिनाजवळचा किंचाळण्याचा आवाज बहुधा फॅन बेल्टचा असतो. पट्टा सैल झाला किंवा घासून गुळगुळीत झाला, की तो पुलीवर घसरतो. तो ताणून बसवावा. चिरा पडल्या असतील, तर बदलावा. फटफट आवाज धुराच्या नळीचा असेल, तर तो टाळू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो. गळका धूर केबिनमध्ये शिरला, तर काचा लावून बसलेल्या माणसाला समजणारही नाही. डिझेल गाडीच्या टर्बोची बारीक शीळ मात्र नेहमीचीच असते. ती अचानक वाढली आणि गाडीची ताकद कमी झाली, तर हवेचा रबरी पाइप सुटला किंवा फाटला आहे का, ते पाहावे.

आता गाडीच्या पोटाखाली पाहू. इंजिन पुढे असते, पण बहुतेक पिकअप गाड्यांत ताकद मागच्या चाकांना द्यायची असते. हे काम एक लांब लोखंडी दांडा करतो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. खड्ड्यांतून जाताना मागची चाके वरखाली होतात, म्हणून या दांड्याला वाकता येईल असे जोड लागतात. जोडाच्या आत अधिक चिन्हासारखा एक तुकडा असतो. गॅरेजमध्ये त्याला 'क्रॉस' म्हणतात. पुस्तकांत या जोडाला हूकचा जोड असेही म्हणतात. १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून बुचाच्या पेशी दाखवणारे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातले रॉबर्ट हूक, तेच हे!

क्रॉसमधले ग्रीस संपले, की आतल्या बारीक सुया गंजतात आणि झिजतात. मग गाडी सुरू करून क्लच सोडला, की खालून 'टक्' असा आवाज येतो. पुढे वेगात गाडी थरथरू लागते. पुष्कळ ड्रायव्हर म्हणतात, "एवढ्याने काय होते?" पण भरलेली गाडी कसारा घाट चढते आहे आणि क्रॉस तुटला, असे समजा. इंजिन गरजत राहते, पण चाकांपर्यंत ताकद पोहोचत नाही. गाडी मागे सरकू लागते. दांडा खाली पडून ब्रेकच्या नळीवरही आदळू शकतो.

तपासणी सोपी आहे, पण ती मोठ्यांनीच करावी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करतात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावतात आणि मगच खाली जातात. दांडा हाताने पिळून पाहतात. जोडात ढिलेपणा जाणवला किंवा लालसर भुकटी दिसली, तर क्रॉस बदलावा. झिजलेल्या क्रॉसमध्ये ग्रीस भरून आवाज चार दिवस दबतो, झीज भरून येत नाही. दांडा काढण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करतात. तो होता तसाच बसला नाही, तर गाडी पुन्हा थरथरते.

वेग वाढवताना मागून 'हूंऽऽ' असा सूर येत असेल आणि पाय उचलताच तो बदलत असेल, तर मागच्या डिफरेन्शियलमधले ऑइल आधी पाहावे. ऑइल पुरेसे असूनही सूर राहिला, तर आतले दाते झिजलेले असू शकतात. ते काम घरी करण्यासारखे नाही. पाय दाबला काय आणि उचलला काय, घरघर तीच राहते. फक्त वळणावर बदलते. तेव्हा चाकाचे बेअरिंग तपासायला सांगावे.

स्वाध्याय

१. उस्ताद पाना हातात घेण्याआधी कोणते प्रश्न विचारतो?
२. क्रॉस झिजला, हे कसे ओळखता येते?
३. खडखड, किंचाळणे, फटफट, घरघर यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. घरातल्या शिलाई मशीनचा किंवा पंख्याचा आवाज लक्ष देऊन ऐका. तो केव्हा बदलतो, ते पाच ओळींत लिहा.