मोटारीचा लुकलुकणारा दिवा

जो विद्यार्थी रोज एकच चूक करतो, त्याला सुधारणे सोपे. जो मधूनच चुकतो आणि फळ्यापाशी बोलावले की बरोबर उत्तर देतो, त्याच्यापाशी शिक्षकाची कसोटी लागते. जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर मधूनच लागणारा लाल दिवा असाच असतो. मिस्त्रीच्या दारात गाडी उभी केली की तो विझलेला!

माझ्या जुन्या मोटारीत बॅटरीचा दिवा असाच लुकलुके. एका गॅरेजात नवी बॅटरी बसवली. दिवा लुकलुकतच राहिला. मग मी वहीत टिपू लागलो: वेळ, वेग, पाऊस, रस्ता. पंधरा दिवसांत वहीनेच उत्तर दिले. दिवा फक्त खड्ड्यांच्या रस्त्यावर लागत होता. अल्टरनेटरमागची वायर ढिली झाली होती. ती घट्ट करण्यास पाच मिनिटे लागली. म्हणून पहिला नियम असा: सुटा भाग बदलण्यापूर्वी नोंद करावी.

आता एकेका दिव्याचा विचार करू.

बॅटरीचा दिवा चार्जिंग मंदावल्याची खूण आहे. पट्टा सैल होणे, अल्टरनेटरचे ब्रश झिजणे आणि जोड ढिला होणे ही त्याची नेहमीची कारणे. मीटर लावून पाहावा. इंजिन बंद असता चांगल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट आणि चालू असता साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसावेत.

ऑइलचा दिवा ऑइलचा दाब सांगतो. वळणावर किंवा ब्रेक मारताना तो क्षणभर लागला, तर ऑइल कमी झाल्याचा संशय घ्यावा. तापलेले इंजिन संथ चालत असता लागला, तर ऑइल पातळ झाले असेल, बेअरिंग झिजले असेल किंवा दाबाचा स्विचच बिघडला असेल. खरे काय, हे दाबमापक लावूनच ठरवावे. मात्र चालत्या गाडीत हा दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. आधी शोध आणि मग थांबणे असा क्रम येथे चालत नाही.

ब्रेकचा दिवा चढउतारावर लुकलुकला, तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे ना, ते पाहावे. सुटला असेल, तर ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली असू शकते. नुसते ऑइल ओतून स्वस्थ बसू नये. ते पॅड झिजल्यामुळे उतरले की गळतीमुळे गेले, हे तपासून घ्यावे. गाडीत आपली मुलेबाळे बसतात.

अनेक दिवे एकदम लुकलुकत असतील, तर प्रत्येकाचा वेगळा दोष मानू नये. बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर आधी घासून घट्ट करावी.

ज्या गाड्यांत संगणक आहे, त्यांत इंजिनचा पिवळा दिवा लागला की बिघाडाचा क्रमांक साठवला जातो. तो वाचून घेण्याआधी बॅटरी सोडवू नये. पुष्कळ गाड्यांत त्यामुळे तो पुरावाच पुसला जातो.

शेवटची गोष्ट. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर बल्ब गेला असेल किंवा वायर तुटली असेल. जो दिवा कधीच लागत नाही, त्याच्या शांततेवर विश्वास ठेवू नये. आणि जो दिवा लागून आपोआप विझला, तो दोष बरा झाला असे समजू नये. वहीत आजची तारीख घालावी आणि पाहत राहावे.